उष्णवाफा, काचचौकट आणि राब : देवळाली परिसरातील हंगामविस्ताराचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

देवळाली कॅम्पचा उल्लेख इतिहासग्रंथांत येतो तो बहुधा सैन्याच्या हालचालींच्या संदर्भात. थळ घाटातून जाणारा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि मुंबई बंदरात उतरणाऱ्या व तेथून स्वदेशी परतणाऱ्या ब्रिटिश पलटणींना विसाव्याचे ठिकाण म्हणून नाशिकजवळचे हे पठार सोयीचे ठरले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकविषयक सोळावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात येथील बराकींमध्ये सुमारे ५,००० सैनिकांची सोय असल्याची नोंद आहे. जहाजाची वाट पाहत येथे दिवस कंठणाऱ्या शिपायांमुळे गावाच्या नावाचा अपभ्रंश इंग्रजी बोलीत वेडसरपणाचा वाचक होऊन बसला, ही हकीकतही सर्वश्रुत आहे.

परंतु छावणी ही केवळ बराकींची वसाहत नसते. तिच्यामागे मुदपाकखाना असतो, त्यासाठी भाजीपाला लागतो आणि तो पिकविणारा माळी व शेतकरी लागतो. कोबी, फुलकोबी, सलगम, गाजर, सॅलड यांची सवय असलेला मनुष्य दख्खनच्या पठारावर येतो तेव्हा त्याच्यासमवेत बियाण्याची पुडी येते. आणि बियाण्यासमवेत ते केव्हा व कसे पेरावे याविषयीच्या काही धारणाही येतात. युरोपीय उद्यानविद्येत हंगाम लांबविण्याची दोन साधने शतकानुशतके रूढ होती. पहिले साधन उष्णवाफा, म्हणजे कुजत्या शेणखताच्या उबेवर रोपे वाढविण्याचा वाफा. दुसरे काचचौकट, म्हणजे लाकडी चौकटीवर काच बसवून थंडीपासून रोपांना आडोसा देण्याची योजना. देवळालीसारख्या स्थळी या साधनांचे काय झाले, आणि त्यांचे कार्य येथे कोणत्या साधनांनी केले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

या प्रश्नाचा शोध छावणीच्या कुंपणाशी थांबत नाही. देवळालीहून पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबक व पेठ या भागांतील शेतकरी जे तंत्र वापरीत आले होते, ते युरोपीय उष्णवाफ्याचेच कार्य करणारे होते. तथापि त्याची गणना उद्यानविद्येत झाली नाही. शासनाच्या कागदपत्रांत ते दीर्घकाळ जंगलाची नासधूस करणारी एक अडाणी रूढी म्हणून वावरले.

२. युरोपीय साधने आणि त्यांचे मूळ कारण

रोपाला ऋतूच्या आधी जागे करण्याची कल्पना पुरातन आहे. सम्राट टायबेरियस (कारकीर्द इ. स. १४ ते ३७) याला काकडी अतिशय प्रिय असल्यामुळे त्याचे माळी चाकांवरील वाफे उन्हात ओढून नेत आणि थंडीत त्यांवर पारदर्शक अभ्रकासारख्या दगडाचे पत्रे घालीत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. उष्णवाफा आणि काचचौकट या दोन्हींचे बीज या वर्णनात सापडते.

या तंत्राचा परमोत्कर्ष एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या बाजारबागांत झाला. तेथील पद्धतीचे सविस्तर विवेचन करणारा मोरो व दाव्हेर्न यांचा ग्रंथ १८४५ मध्ये निघाला. घोड्याची ताजी लीद पेंढ्यासह रचून, उलथून, पाणी शिंपडून तिचा दोन-तीन फूट जाडीचा थर करीत. कुजण्याच्या क्रियेने आतील उष्णता प्रथम ६० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत चढे. ती उतरणीस लागली की वर सुमारे सहा इंच माती पसरून पेरणी करीत आणि वरून काचेची चौकट झाकीत. पुढे कित्येक आठवडे मंद ऊब मिळत राही. हिवाळा संपल्यावर तीच लीद उत्तम खत होऊन जमिनीत जाई. घोडागाड्यांचे शहर जितके मोठे, तितकी लीद विपुल; आणि लीद जितकी विपुल, तितकी भाजी लवकर, असा हा हिशेब होता. विसाव्या शतकात मोटारींनी घोड्यांची जागा घेतली तेव्हा या बागांचा आधारच नाहीसा झाला. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ साली रद्द झाल्यानंतर काच स्वस्त झाली आणि सामान्य बागाइतदारालाही चौकटी परवडू लागल्या.

या सर्व खटाटोपामागील कारण एकच होते. सुमारे ५१ अक्षांशांवरील लंडनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि हिमतुषाराने कोवळी रोपे मरतात. तेथे हंगामाला मर्यादा घालणारा घटक म्हणजे थंडी. म्हणून माळ्याचे सारे कसब उष्णता निर्माण करण्यात आणि ती राखण्यात खर्च होत असे.

३. छावणीचा बगीचा : उलटलेला हंगाम

देवळाली सुमारे २० अक्षांशांवर आहे. तेथे डिसेंबरातील दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. रात्री थंड असल्या तरी दुपारचे ऊन सुखद असते, आणि युरोपीय भाज्यांना हवे असते ते हवामान ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात विनासायास लाभते. योगायोग असा की, सैनिकांची ने-आण करणारी जहाजेही मुख्यतः याच थंडीच्या महिन्यांत चालत. पलटणींचा हंगाम आणि कोबीचा हंगाम एकच होता. ज्या काळात खाणारी तोंडे सर्वाधिक, त्याच काळात जमीन अनुकूल होती.

अडचण होती ती हंगामाच्या दोन टोकांना. ऑक्टोबरच्या प्रारंभी लावणीयोग्य रोप हाती असावयाचे तर बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरले पाहिजे. आणि तेव्हा तर पर्जन्यकाळ चालू असतो. मुसळधार सरीने बारीक बी वाहून जाते, चिकट काळ्या मातीत पाणी साचून रोपांची माने कुजतात आणि ती कोलमडतात. पाऊस उघडला की ऑक्टोबरचे कडक ऊन कोवळ्या पानांना करपविते. येथे शत्रू पाऊस व ऊन हे होते. थंडी मित्र होती. अशा स्थितीत बंद काचचौकट उपयोगी पडणे तर दूरच, तिच्याखालील रोपे दुपारच्या उन्हात उकडून निघाली असती. छावणीच्या तबेल्यांतील लिदीची ऊबही वाफ्याला नको होती; लीद पूर्ण कुजल्यावर खत म्हणूनच ती कामाची.

म्हणून चौकट राहिली, पण तिच्यावरील आच्छादन बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील बागकामावर जी इंग्रजी पुस्तके निघाली, त्यांत बंगालमधील पाद्री फर्मिंजर आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक वुड्रो यांची पुस्तके विशेष प्रचारात होती. अशा पुस्तकांचे मुख्य काम विलायती पंचांग मोडून येथील पावसाळ्याशी जुळणारे नवे पंचांग बसविणे हेच होते. विलायती भाज्यांचे बी कुंड्यांत वा खोक्यांत पेरून ओसरीत किंवा गवती छपराखाली ठेवावे, सरी ओसरल्यावर रोपे वाफ्यात न्यावीत आणि प्रथम काही दिवस त्यांवर सावली धरावी, अशी रीत रूढ झाली. काचेची जागा गवताने, झापांनी व तट्ट्यांनी घेतली.

हे परिवर्तन घडविण्यात माळ्याच्या हातचे जुने ज्ञान निश्चितच उपयोगी पडले असले पाहिजे. पानमळ्यात शेवरी, पांगारा, हादगा यांची दाट लावण करून नाजूक वेलीला ऊन व वारा यांपासून राखण्याची विद्या महाराष्ट्रात जुनीच होती. गादीवाफा करून पाण्याचा निचरा साधणे, वाफ्यावर काटक्यांचा मांडव घालणे, या गोष्टी माळ्याला विलायती पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत.

हंगाम लांबविण्याचा आणखी एक मार्ग वाफ्याच्या बाहेर, बियाण्यातच सापडला. फुलकोबी हिंदुस्थानात १८२२ मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत प्रथम आणली गेली असे सांगतात. मूळ युरोपीय जातींना गड्डा धरण्यासाठी चांगली थंडी लागे. परंतु उत्तर हिंदुस्थानातील भाजी-उत्पादकांनी, लवकर गड्डा धरणाऱ्या झाडांचे बी पिढ्यान् पिढ्या राखून, शंभर वर्षांच्या आत अशा जाती घडविल्या की ज्या उबदार हवेतही, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, गड्डा धरू लागल्या. युरोपात रोपाभोवतीची हवा बदलली. येथे रोपाचा स्वभाव बदलला. नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या बाबतीतही पुढे असेच घडले. निफाडच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या एन-५३ या जातीने पावसाळी कांद्याला बळ दिले आणि खरीप, रांगडा व उन्हाळी अशा तीन हंगामांची साखळी जिल्ह्यात दृढ झाली.

४. राब : पश्चिमेकडील उष्णवाफा

देवळालीहून लोहमार्गाने पश्चिमेकडे जाऊ लागले की, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांत पर्जन्यमानाचा कायापालट होतो. नाशिकला वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर पडतो. इगतपुरीस तो ३,००० मिलिमीटरांहून अधिक असतो. या डांगी पट्ट्यात भात, नागली व वरई ही पिके रोप लावून घेतात. पाऊस एकदा सुरू झाला की जमीन सतत चिंब राहते, ऊन दिसत नाही, आणि तण रोपाच्या आधी माजते. उलटपक्षी सप्टेंबरअखेर पाऊस थांबतो आणि उताराची उथळ जमीन झपाट्याने वाळते. ज्याची लावणी मागे पडली त्याचे दाणे भरतेवेळी ओल संपलेली असते. म्हणून जूनमधील पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोपाने किती जोम धरला, यावर वर्षाचे अन्न अवलंबून असते. हंगामाचे टोक ताणण्याची गरज येथे चैनीच्या भाजीसाठी नव्हती. ती पोटासाठी होती.

या गरजेचे उत्तर म्हणजे राब. रोपासाठी निवडलेल्या तुकड्यावर (तो लावणीच्या क्षेत्राच्या मानाने लहान, साधारणतः एक-दशांश असतो) प्रथम शेण पसरतात. त्यावर झाडांच्या फांद्यांचा पाला-कवळ, त्यावर गवत व पेंढा, आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून सर्वांत वर बारीक मातीचा थर देतात. उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस येण्यापूर्वी, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने त्यास आग लावतात, जेणेकरून ती भडकून न जाता धुमसत, सावकाश पुढे सरकावी. भाजलेल्या या मातीत पाऊस येताच बी फेकतात. अशा राबावरील रोप हिरवेगार, दाट व तणमुक्त येते आणि लवकर लावणीस तयार होते, हा शेतकऱ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता.

पॅरिसचा बागाइतदार आणि इगतपुरीचा शेतकरी या दोघांची तुलना येथे उद्बोधक ठरते. दोघांचेही साहित्य शेण व पेंढा हेच. दोघांचेही लक्ष शेताऐवजी रोपाच्या लहानशा वाफ्यावर केंद्रित. आणि दोघांचाही हेतू ऋतूपेक्षा काही आठवडे पुढे राहण्याचा. भेद इतकाच की, एकाची उष्णता पेरणीनंतर, बियाच्या खालून व मंदपणे मिळते. दुसऱ्याची पेरणीपूर्वी, वरून व एकदाच. एक हवेतील थंडीवर मात करतो, दुसरा मातीतील अडथळे दूर करतो.

५. जंगल खाते आणि राबाचा वाद

राबाला पाला लागे, आणि पाला जंगलातून येई. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा जसजशा आवळल्या गेल्या, तसतसा हा पाला तोडणे गुन्ह्याच्या कक्षेत येऊ लागले. जंगल अधिकाऱ्यांच्या दृष्टीने फांद्या छाटून जाळणे म्हणजे मौल्यवान लाकडाची धूळधाण होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाला बंद म्हणजे रोप बंद, आणि रोप बंद म्हणजे भात बंद. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगल खात्याच्या जाचावर जे कोरडे ओढले आहेत, त्यांमागे अशाच अनुभवांची पार्श्वभूमी आहे.

असंतोष सर्वांत तीव्र झाला तो ठाणे जिल्ह्यात. १८८५ मध्ये मुंबई सरकारने जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी आयोग नेमला. व्हिडाल हे त्याचे अध्यक्ष होते आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल बाहेर पडला. ठाणे व कुलाबा हे जिल्हे आयोगाच्या चौकशीच्या केंद्रस्थानी होते आणि राबासाठी लागणाऱ्या पाल्याचा हक्क हा त्या चौकशीचा एक प्रमुख विषय होता. वादाचा निकाल अखेर एका तांत्रिक प्रश्नावर येऊन ठेपला : राब खरोखरच आवश्यक आहे की ती निव्वळ सवय आहे? न भाजता तेवढेच शेणखत घातले तर तसेच रोप येणार नाही काय? ज्या उत्तरावर हजारो कुटुंबांचा जंगलावरील हक्क अवलंबून होता, ते उत्तर एका लहानशा वाफ्यात दडलेले होते. उद्यानविद्येचा प्रश्न राजकीय कसा होतो, याचे इतके बोलके उदाहरण विरळाच.

६. प्रयोगांची साक्ष

कृषी खात्याचे संचालक ओझॅन यांनी घाटमाथ्यावर लोणावळे येथे राबाचे प्रयोग करविले. त्यांत भाजलेल्या व न भाजलेल्या वाफ्यांतील रोपांची तुलना होती. १८८९ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ व्होएल्कर हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात त्यांनी या प्रयोगांचा परामर्श घेतला आणि अतिपर्जन्याच्या प्रदेशात राबाचा लाभ मान्य केला. हिंदी शेतकऱ्याची पद्धत नाकारण्यापूर्वी तिचे कारण शोधावे, हे व्होएल्कर यांचे सामान्य सूत्र होते. राबाला ते चांगलेच लागू पडले.

तथापि लाभ का होतो, हे अद्याप अनुत्तरित होते. त्याचा उलगडा पुण्याच्या कृषी महाविद्यालयात झाला. हॅरॉल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी पश्चिम हिंदुस्थानातील भातशेतीच्या राब पद्धतीवरील आपला अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. राखेतील क्षारांमुळेच केवळ लाभ होतो, ही समजूत अपुरी असल्याचे त्यांनी दाखविले. माती तापल्यामुळे तिच्यातील पोषकद्रव्ये विद्राव्य होतात. उष्णतेचा परिणाम हाच स्वतंत्र व महत्त्वाचा आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

याच सुमारास इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन माती तापविल्याने तिची उत्पादकता का वाढते याचा शोध घेत होते. त्यांचा निबंध १९०९ मध्ये आला. पुढील काही वर्षांत या संशोधनाचा विनियोग इंग्लंडमधील काचगृहांतील 'थकलेल्या' मातीवर झाला. वर्षानुवर्षे काचेखाली काकडी व टोमॅटो घेतल्याने बिघडलेली माती वाफेने तापविली की पुन्हा पिकू लागते, असे आढळून आले. म्हणजे युरोपीय काचशेतीला आपल्या प्रगतीच्या एका टप्प्यावर जे करावे लागले, ते सह्याद्रीतील शेतकरी उघड्या आकाशाखाली आधीपासूनच करीत होता. यातून शेतकऱ्याला सूक्ष्मजीवशास्त्र अवगत होते असा निष्कर्ष काढणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. त्याला परिणाम ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. जंगल खात्याला मात्र दोन्ही ठाऊक नव्हते, आणि निर्णयाचा अधिकार त्याच्या हाती होता.

न्यायाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. राबामुळे झाडांची छाटणी होत असे आणि जे शेण व पाला न जाळता जमिनीत जाऊ शकले असते ते धुरात जाई, हे आक्षेप निराधार नव्हते. जंगल अधिकाऱ्यांची चूक आक्षेप घेण्यात नव्हती. पर्याय देण्यापूर्वीच बंदी घालण्यात ती होती.

७. उत्तरकालीन घडामोडी

पर्याय पुढे हळूहळू आले. चारसूत्री भातशेतीत भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतात. त्यामुळे जंगलातील फांद्या न जाळता राखेचा लाभ मिळतो. रोपवाटिकेसाठी गादीवाफ्याची शिफारस सर्वत्र झाली आहे. तरीही राबाच्या खुणा डोंगरी तालुक्यांतून पुसल्या गेलेल्या नाहीत.

दुसरीकडे, काचेची जागा प्लॅस्टिकने घेतल्यावर काचचौकटीची मूळ कल्पना नाशिक जिल्ह्यात नव्या रूपाने परतली. दिंडोरी व निफाड तालुक्यांत हरितगृहे आणि शेडनेटच्या रोपवाटिका उभ्या राहिल्या. त्यांतील ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याच्या भुशावर टोमॅटो, मिरची व फुलकोबीची रोपे वाढविली जातात. रचना विलायती दिसली, तरी तिचे मुख्य काम ओसरीतील खोक्याचेच आहे : पाऊस व ऊन यांपासून रोप वाचविणे. थंडीचा प्रश्न येथे अगदीच नाही असे मात्र नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली उतरला, तेव्हा द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवून घड वाचविण्याचे प्रयत्न झाले. युरोपीय माळ्याची चिंता दख्खनच्या शेतकऱ्याला वर्षातील काही रात्रीच अनुभवास येते.

सर्वांत लक्षणीय घटना मात्र दोन्ही परंपरांच्या संगमाची आहे. १९७६ मध्ये इस्रायलमधील कातान यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ओल्या जमिनीवर भर उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून ते काही आठवडे ठेवले, तर सूर्याच्या उष्णतेनेच मातीतील रोगजंतू व तणांचे बी मोठ्या प्रमाणात नष्ट होते. ही रीत महाराष्ट्रातील भाजीपाल्याच्या रोपवाटिकांसाठीही शिफारशीत आली. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमक्या राब भाजण्याच्या दिवसांत, वाफा तापवावयाचा. परंतु अग्नीने नव्हे, पारदर्शक आच्छादनाखालील सूर्याने. काचचौकटीचे तत्त्व आणि राबाचा हेतू येथे प्रथमच एका वाफ्यावर एकत्र आले. झाडाची फांदीही लागत नाही आणि शेणही जळत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. तंत्राचा इतिहास लिहिताना साधनाचे नाव किंवा त्याचे साहित्य यांवरून वर्गीकरण केले, तर उष्णवाफा उद्यानविद्येच्या प्रकरणात जातो, राब जंगलाच्या प्रकरणात आणि छावणीतील गवती छप्पर कोठेच येत नाही. कार्यावरून वर्गीकरण केले, तर तिन्ही एकाच प्रकरणात येतात : मोठ्या शेतावर ऋतूची सत्ता चालते, पण लहान वाफ्यावर मनुष्याची चालू शकते, हे तिन्हींचे सूत्र आहे. देवळाली हे स्थान या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तेथून पूर्वेस कोरडे पठार व पश्चिमेस पावसाचा घाटमाथा. छावणीच्या बागेत परदेशी बी देशी छपराखाली वाढत असताना, घाटाकडील राबाचा धूर कोणाच्याही बागकामाच्या पुस्तकात शिरला नाही.

ज्ञानाची ही दोन दालने वेगळी राहिली त्याचे कारण तांत्रिक नव्हते. एका वाफ्यातील रोप साहेबाच्या टेबलावर जाणार होते, दुसऱ्या वाफ्यातील रोप शेतकऱ्याच्या मुलांच्या ताटात. पहिल्याला प्रारंभीच शास्त्राचा मान मिळाला; दुसऱ्याला तो मिळण्यासाठी १९१२ साल उजाडावे लागले, आणि तोपर्यंतच्या काळात पाल्याच्या भाऱ्यासाठी जो दंड व जो जाच सोसावा लागला, त्याची भरपाई कोणत्याही निबंधाने होण्यासारखी नव्हती.